उभ्या उभ्या झिजलेलं

थोरलीचा नवरा त्या दिवशी सासरी आला तो जावई म्हणून नव्हे, कागद कारखान्याचा मेंटेनन्स साहेब म्हणून. सुटीचा दिवस असूनही त्यानं कारखान्याचा निळा शर्ट चढवला होता. जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं बेअरिंग गाडीत दोघांच्या मधे ठेवलेलं होतं, आणि घरून निघाल्यापासून वर्कशॉपच्या दारापर्यंत नवराबायको एक अक्षर बोलले नव्हते.

आत बाबा, धाकटा आणि आत्या आधीच येऊन बसले होते. बाबांनी हे पंपदुरुस्तीचं वर्कशॉप उभं केलं त्याला चाळीस वर्षं होत आली होती. आता बेअरिंगं बसवायचं काम धाकटा, म्हणजे थोरलीचा भाऊ, बघायचा. थोरली मापं घ्यायची आणि बाहेर पडणारा प्रत्येक पंप तपासून त्याच्या कार्डावर सही करायची. आत्या ही बाबांची मोठी बहीण. तिचं इथे तसं काहीच काम नव्हतं, पण घरात कुणाचं कुणाशी वाजणार असलं की तिला बरोबर वास लागायचा आणि ती वेळेआधी हजर व्हायची.

नवऱ्यानं टॉवेल टेबलावर उलगडला. शेजारी एक छापील कागद ठेवला. त्यावर त्याच्याच अक्षरात एक ओळ लिहिलेली होती: ‘बिघाडाचं कारण: बेअरिंग बसवताना हातोड्याचा वापर.’ खाली सहीसाठी रिकामी जागा होती.

“उद्या दहा वाजता हा कागद मला वर द्यायचा आहे, बाबा,” तो म्हणाला. “आठ महिन्यांत हे तिसरं बेअरिंग. या वेळी पाणी अडवणारं सीलही फाटलं. पाणी फरशीवर आलं, ऑपरेटर मावशी घसरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. आता मला गप्प बसता येत नाही.”

“गप्प बसा असं कोण म्हणतंय?” बाबा म्हणाले. “पण हातोडा हे तुम्ही कशावरून ठरवलंत?”

“मागची दोन आम्ही कापून बघितली. आतल्या कडीवर, गोळ्या जितक्या अंतरावर असतात बरोबर तितक्या अंतरावर, एकसारखे खळगे. बेअरिंग ठोकून बसवलं की गोळ्या कडीत रुततात आणि असेच खळगे पडतात. हे मला तुम्हीच शिकवलंय.”

“शिकवलंय खरं,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी मान वळवून मुलाकडे बघितलं.

धाकटा तोवर भिंतीला टेकून उभा होता. “मी हातोडा लावत नाही,” तो म्हणाला. “हीटरवर बेअरिंग तापवतो. कडी फुगली की हातानं शाफ्टवर सरकवतो. तुम्ही रोज बघताय.”

“रोज बघतो. पण सारखा बघत नाही.”

बोलून झालं आणि बाबांनाही ते जरा जड गेल्यासारखं दिसलं. धाकट्यानं खिशातले हातमोजे काढून टेबलावर ठेवले. “मग उद्यापासून तुम्हीच बसवा,” एवढंच तो म्हणाला. परगावच्या एका वर्कशॉपमधून त्याला महिनाभर बोलावणं येत होतं आणि तो अजून ‘बघतो, बघतो’ करत होता, ही गोष्ट थोरलीला एकटीलाच ठाऊक होती.

“पोरा, भाऊजींवर डाफरून काय होणार?” आत्यानं तोंड घातलं. “ते बिचारे नोकरी करतात. चूक झाली असेल तर झाली म्हणावं आणि मोकळं व्हावं.”

“आत्या, मी भाऊजींना काही बोललोच नाहीये.”

“म्हणूनच म्हणते. न बोलता डाफरतोयस.”

एका बाजूला नवरा आणि दुसऱ्या बाजूला भाऊ. दोघंही खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते, आणि दोघांचंही खरं असणं शक्य नव्हतं. थोरलीला लहानपणापासून एक खोड होती. भांडण कुणी सुरू केलं याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसायचं, ते कशावरून सुरू झालं हे आधी कळायला हवं असायचं. तिनं टॉवेल आपल्याकडे ओढला.

“हे अजून कापलेलं नाही ना?”

“नाही. म्हटलं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कापू.”

“बरं केलंत.”

तिनं चष्मा लावला, बेअरिंग व्हाइसमध्ये धरलं आणि ग्राइंडरनं बाहेरची कडी दोन ठिकाणी चिरली. ठिणग्या उडाल्या, जळक्या ग्रीसचा वास पसरला. कडीचे दोन तुकडे झाले, गोळ्या ताटलीत घरंगळल्या आणि आतली कडी मोकळी झाली. नवऱ्यानं सवयीनं रॉकेलचा डबा पुढे केला.

“थांबा. धुऊ नका.”

“धुतल्याशिवाय दिसणार कसं?”

“मागची दोन तुम्ही धुऊन बघितलीत?”

“अर्थात. ग्रीसनं माखलेलं काय बघायचं?”

“ग्रीसच बघायचंय,” ती म्हणाली.

तिनं कडी खिडकीच्या उजेडात धरली. खळगे होते. नवऱ्यानं सांगितल्याप्रमाणेच एकसारख्या अंतरावर, जणू मापून पाडलेले. पण इतर ठिकाणी ग्रीस काळपट होतं आणि खळग्यांत मात्र तांबूस. तिनं सुईच्या टोकानं थोडं उचललं आणि पांढऱ्या कागदावर पसरलं. विटेच्या भुकटीसारखी बारीक तांबडी पूड होती.

“गंज आहे,” नवरा म्हणाला. “सील फाटलं, पाणी आत गेलं.”

“पाण्याचा गंज सगळीकडे चढला असता. हा फक्त खळग्यांत कसा?”

तो वाकून कागदाकडे बघू लागला. त्याची हीच गोष्ट तिला लग्नाआधीपासून आवडत आली होती. हट्टी होता, पण नवं काही दिसलं की हट्ट क्षणभर विसरायचा.

मग तिनं कडी धुतली आणि भिंगाखाली धरली. नव्या कडीवर, गोळ्या धावतात त्या वाटेवर, बेअरिंग बनवतानाच्या घासकामाच्या केसाएवढ्या बारीक रेघा असतात. खळग्यांच्या मधल्या भागात त्या रेघा स्पष्ट होत्या. खळग्यांच्या आत मात्र एकही नव्हती. तळ गुळगुळीत झाला होता.

“बाबा, ठोकलेल्या बेअरिंगच्या खळग्यात रेघा राहतात का जातात?”

बाबा विचारात पडले. “खळगे चिकार बघितलेत मी. रेघा कोण बघतो?”

“मग आता बघू.”

तिनं फडताळातून त्याच मापाचं एक नवं बेअरिंग काढलं, जुन्या शाफ्टच्या तुकड्यावर टेकवलं आणि हातोडा भावासमोर धरला. “ठोक. बाहेरच्या कडीवर, जोरात.”

“मी?”

“तूच. तुझ्या नावावर चाललंय ना सगळं?”

धाकट्याला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. त्यानं सात-आठ घाव असे घातले की आत्यानं कानांवर हात ठेवले. थोरलीनं तेही बेअरिंग कापलं, आतली कडी काढली आणि दोन्ही कड्या भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या. सगळ्यांनी आळीपाळीनं डोळा लावला. ठोकलेल्या कडीवर खळगे होते आणि त्यांच्या तळाशी रेघाही जशाच्या तशा होत्या, नुसत्या खाली दबलेल्या. कारखान्याच्या कडीवर खळगे होते, रेघा नव्हत्या.

बाबांनी दोनदा बघितलं. मग भिंग पुसून तिसऱ्यांदा.

“मला काही कळेना,” आत्या म्हणाली. “दोन्हीकडे खड्डेच तर आहेत.”

“आत्या, गादीवर कुणी धपकन बसलं तर गादी दबते, पण चादरीची नक्षी तशीच राहते की नाही?”

“राहते.”

“आणि एकाच जागी बसून कुणी दिवसच्या दिवस चुळबुळ करत राहिलं तर?”

“तर नक्षी झिजून जाईल.”

“ही चुळबुळ आहे. आणि ती तांबडी पूड म्हणजे झिजलेल्या लोखंडाची भुकटी.”

नवऱ्यानं डोकं हलवलं. “जमत नाही. पंप फिरतो तेव्हा गोळ्या सगळ्या वाटेवरून धावतात. झीज झाली तर सगळीकडे व्हायला हवी.”

“बरोबर. म्हणजे ही झीज पंप फिरत असतानाची नाहीच.”

“मग कधीची?”

थोरलीनं कार्डांची पेटी उघडली आणि त्या पंपाचं कार्ड काढलं. “हा तुमच्याकडे किती दिवस चालला?”

“बारा दिवस. बाराव्या दिवशी ओरडायला लागला.”

“मी तो तुमच्याकडे पाठवला त्याला अकरा आठवडे झाले. मधले दिवस तो काय करत होता?”

“काही नाही,” नवरा म्हणाला. “जोडून ठेवला होता. शेजारचा चालू होता, हा राखीव उभा होता.” आणि बोलता बोलताच त्याचा आवाज सावकाश झाला.

बाबांनी खुंटीवरची टोपी काढली. “चला, बघून येऊ. इथे बसून पंप काही बोलणार नाही.”

“मला सोडून जाल तर चालत येईन,” आत्या म्हणाली, म्हणून तिलाही गाडीत घेतलं.

कारखाना सुटीच्या दिवशीही चालू असायचा. पंपघर मागच्या अंगाला होतं, बसक्या छताचं, ओलसर, आणि आत शिरलं की आवाज कानांत नव्हे तर पायांतून वर चढायचा. एकाच लांब लोखंडी सांगाड्यावर दोन पंप बसवलेले होते. एक नंबर चालू होता. दोन नंबरच्या जागी कालच बसवलेला बदली पंप गप्प उभा होता. दाराशी स्टुलावर ऑपरेटर मावशी बसल्या होत्या. उजव्या हाताला प्लास्टर होतं आणि डाव्या हातानं त्या वहीत मीटरचे आकडे उतरवत होत्या. अक्षर वाकडंतिकडं येत होतं आणि त्याचा त्यांना राग येत होता.

थोरलीनं त्यांच्या हाताची चौकशी केली. मग म्हणाली, “मावशी, एक ग्लास पाणी द्याल?”

ते पाणी ती प्यायली नाही. तिनं ग्लास बंद पंपाच्या डोक्यावर नेऊन ठेवला. पाण्यावर बारीक वर्तुळं उमटली आणि उमटतच राहिली, थांबायचं नावच घेईनात. पंप बंद होता, पण त्याच्या अंगातला कण न् कण शेजाऱ्याच्या तालावर थरथरत होता.

“म्हणजे हा उभ्या उभ्या झिजतोय,” नवरा पुटपुटला. त्यानं तळहात पंपावर टेकवला आणि बराच वेळ काढला नाही.

धाकटा एव्हाना गुडघ्यांवर बसला होता. खिशातल्या पान्ह्यानं तो सांगाड्याखालच्या सिमेंटच्या पायावर ठोकत पुढे सरकत होता. टणक, टणक, टणक, आणि मग एकदम भद्द. तो मागे आला, पुन्हा ठोकलं. “ताई, इकडे ये. खाली पोकळ आहे. दोन नंबरच्या बाजूनं दीड हात तरी. सांगाडा टेकलेलाच नाही, लटकतोय. म्हणून थरथर इकडे जास्त.” वर्कशॉपमधून निघताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याचा आता मागमूस नव्हता. त्यानं खडू काढून पोकळ भागाभोवती रेघ ओढली.

“हे पोकळ कधीचं असेल?” बाबांनी विचारलं.

“जुनं आहे. कडेला शेवाळ धरलंय बघा.”

“मग आठ महिन्यांपूर्वीपर्यंत बेअरिंगं का जात नव्हती?” थोरलीनं विचारलं. ती कुणालाच उद्देशून बोलली नव्हती. पण उत्तर स्टुलावरून आलं.

“आधी सोमवारी पालटत होतो ना आपण,” ऑपरेटर मावशी म्हणाल्या. “एक आठवडा हा, एक आठवडा तो. कुणीच फार दिवस उभा राहायचा नाही. मग ते बंद झालं.”

“का बंद झालं?”

मावशींनी साहेबांकडे बघितलं आणि वहीत डोकं घातलं. “मला काय विचारता? मी आकडे लिहिते.”

“मी बंद केलं,” नवरा म्हणाला.

पंपाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नसतं तर त्याला परत म्हणावं लागलं असतं. पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“पंप पालटताना मिनिटभर पाण्याचा दाब पडायचा आणि तिकडे मशीनवर कागद तुटायचा. दर सोमवारी. मी म्हटलं, चालत्या पंपाला हात लावायचा नाही, बिघडेल तेव्हाच दुसरा लावायचा. कागद तुटायचा थांबला. वरच्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.” त्यानं बायकोकडे बघितलं. “तू त्या दिवशी विचारलंसही, की एवढा खूश का.”

थोरलीला आठवत होतं. भावाची सुटका झाली म्हणून हलकं वाटावं, तर तेवढंच काहीतरी दुसऱ्या बाजूनं येऊन छातीवर बसलं होतं. “तुम्ही विचार करूनच केलंत,” ती म्हणाली. “कागद तुटत होता हे काही खोटं नव्हतं.”

“मावशींचा हातही खोटा नाही.”

तो मावशींच्या स्टुलापाशी गेला, खाली बसला आणि काहीतरी बोलला. काय ते आवाजात कळलं नाही. मावशींनी आधी मान हलवली, मग डाव्या हातानं त्याच्या खांद्यावर थापटलं. परत येऊन त्यानं खिशातला कागद काढला, हातोड्याची ओळ खोडली आणि एक नंबरच्या मोटारीवर कागद धरून लिहू लागला. पण मोटार इतकी थरथरत होती की अक्षर मावशींच्या वरताण वाकडं आलं. धाकट्यानं न बोलता आपली पाठ पुढे केली. भाऊजींनी तिच्यावर कागद टेकवून उरलेलं लिहिलं: पालटणं बंद केल्यामुळे, पाया पोकळ असल्यामुळे, न पालटण्याचा निर्णय माझा. खाली स्वतःची सही केली.

“आणि हेही लिहा,” धाकटा पाठ न हलवता म्हणाला, “की पोकळ भाग भरेपर्यंत रोज सकाळी उभ्या पंपाचा शाफ्ट हातानं सव्वा वेढा फिरवायचा. सव्वा, म्हणजे गोळ्या रोज नव्या जागी बसतील.”

“सव्वाच का, पुरा का नाही?” आत्यानं विचारलं.

“पुरा फिरवला तर तुम्ही परत त्याच खड्ड्याच्या आसपास बसाल, आत्या.”

बाबा इतका वेळ बंद पंपासमोर उभे होते. ते मुलाजवळ आले. “सारखा बघत नाही म्हणालो, ते चुकलं माझं,” ते म्हणाले. धाकट्यानं मान डोलावली. “उद्या हातमोजे मी घालू की तू घालतोस?”

“मीच घालतो. तुमच्या हाताला मोठे होतील.”

सगळे दाराबाहेर आले. बाहेर ऊन होतं आणि आवाज एकदम मागे पडला होता. गाडीकडे जाताना आत्या थांबली.

“मग त्याचं काय?” तिनं बाबांना विचारलं.

“कुणाचं?”

“आपल्या भावाचं.”

हा भाऊ म्हणजे बाबांच्या पाठचा, थोरलीचा काका. एकोणीस वर्षांपूर्वी पाणीपुरवठ्याच्या एका पंपात असेच खळगे निघाले होते. तेव्हा बाबांनी गिऱ्हाइकादेखत त्याच्या हातातला पान्हा काढून घेतला होता, आणि ठोकपीट करायची असेल तर दुसरीकडे कर, म्हणाले होते. काकानं तेच केलं. दोन भाऊ त्यानंतर लग्नकार्यातही एका पंगतीला बसले नव्हते. आत्या मात्र दोघांकडे जायची आणि एकाचं दुसऱ्याला काही सांगायची नाही.

“ते बेअरिंग आता कुठे राहिलंय बघायला?” बाबा म्हणाले.

“बेअरिंग नसेल. तो आहे.”

बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “नंबर आहे तुझ्याकडे?”

“आहे. पण मी लावून देणार नाही. बोटं तुझी वापर.”

तिनं एक एक आकडा सांगितला आणि बाबांनी तो दाबला. उभं आयुष्य पंपांजवळ गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर असायचा. पलीकडची घंटा सगळ्यांना ऐकू आली, आणि मग “हं, कोण?” हेही.

“मी बोलतोय.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला नाही.

“एक विचारायचं होतं,” बाबा घाईनं म्हणाले. “तो पाणीपुरवठ्याचा पंप. तू बेअरिंग बसवून दिलंस, त्यानंतर चालू होईपर्यंत तो किती दिवस उभा होता?”

“साडेचार महिने,” काकाचा आवाज आला. त्याला आठवावं लागलं नव्हतं. “शेजारचा चालू होता. हा त्याला खेटून उभा. मी तेव्हा हेच सांगत होतो.”

“सांगत होतास,” बाबा म्हणाले. “मी ऐकलं नाही.”

नवरा गाडीची किल्ली हातात धरून तसाच उभा राहिला. धाकट्यानं आत्याचा हात धरला की आत्यानं त्याचा, हे थोरलीला दिसलं नाही.

“का?” काकानं विचारलं. आवाज तोच होता, पण आता जरा जवळ आल्यासारखा. “काय सापडलं?”

“तांबडी पूड.”

“कुठे? पाण्याचा गंज असेल.”

“नाही. फक्त खळग्यांत.”

“आणि रेघा? खळग्याच्या तळाला रेघा होत्या का गेल्या?”

बाबांनी थोरलीकडे बघितलं. “ते मी नाही बघितलं आधी. पोरीनं बघितलं,” ते म्हणाले आणि फोन तिच्या हातात दिला.

काकानं तिला शेवटचं बघितलं तेव्हा ती शाळेत होती आणि त्याच्या टेबलाखाली बसून गोळ्या मोजायची.

“काका, रेघा गेल्यात,” ती म्हणाली.

“असं नाही,” काका म्हणाला. “नीट सांग. बेअरिंग कापलं तिथपासून सांग.”

ती पंपघराच्या पायरीवर बसली आणि सांगू लागली.